झाकण

पहिल्या शनिवारी चार रॅक वाया गेले.
दिसायला ठीक होतं सगळं, वरून तांबूस, चकचकीत,
पण दाताखाली राख.
शेजारच्या मिस प्रुडेल्याने दोन घास खाल्ले,
पाणी मागितलं,
आणि यंदा कापूस बरा दिसतोय म्हणाली.

"पांढरा धूर होता," अलोन्झो म्हणाला.
एवढंच. जुलैत पायांवर गोधडी घेऊन बसतो तो,
पेकन झाडाखालच्या खुर्चीत.

पिंप त्याचं. तेलाचं, आडवं कापलेलं,
बिजागऱ्या आमच्या बापाच्या फाटकाच्या.
सदतीस उन्हाळे टोलिव्हरांच्या मेळाव्याला
त्यानेच भाजल्या बरगड्या, आणि कृती विचारली
की नुसता हसायचा.
आता हसला की खोकला येतो.

नदीपलीकडे मेम्फिसला
तेहतीस वेळा त्याच्या गळ्यावर किरण सोडले.
गाठ गेली.
जाताना जिभेवरचं सगळं सोबत घेऊन गेली.
साखर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते म्हणतो,
आणि पुठ्ठा मात्र पुठ्ठ्यासारखाच.

दुसऱ्या शनिवारी त्याने मोजलं:
मी अकरा वेळा झाकण उघडलं.
"दर वेळी पंधरा मिनिटांची ऊब गेली.
कर हिशेब. उद्या सकाळी जेवू."
काय करू, मी बस चालवते शाळेची, एकेचाळीस नंबरची,
वरच्या आरशात बघितलं की कळतं
शेवटच्या बाकावर कोण कुणाला बोचकारतंय.
पिंपाला आरसा नाही.
आत काय चाललंय ते न बघता
सहा तास बाहेर बसायचं,
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग त्याने शिकवलं. तेही तुटक तुटक, आवाज फुटेल तसं.
हाडामागचा पापुद्रा बोथट सुरीने उचल,
कागदी रुमालात धरून ओढ, एका दमात.
(एका दमात कसला. तीन तुकडे झाले, नखं दुखली.)
हिकरीचा ओंडका मुठीएवढा, दोनच.
चिमणीकडे बघत राहा.
जो धूर आहे की नाही असं वाटतं,
आभाळासमोर धरलं तर जरासा निळा,
तो खरा.
आणि ऐक.
चरबी निखाऱ्यावर पडते तेव्हा चुर्र होतं ना,
ते घाईघाईने व्हायला लागलं की हवा कोंड.

मी ऐकलं. त्या पिंपाशेजारी बसून
पहिल्यांदाच मी माझ्या भावाचा श्वासही ऐकला,
आत येताना शिट्टी, बाहेर जाताना काही नाही.

मेळाव्याच्या आदल्या रात्री, दोन वाजता निखारे.
सकाळी आठला चिमट्याने रॅक मधोमध उचलला,
तो वाकला, वरची साल भेगाळली, तुटला नाही.
अलोन्झोने एक बरगडी घेतली. चावली.
खूप वेळ चावत राहिला,
अनोळखी पत्ता वाचावा तसा.

"मऊ आहे. हाड सोडतंय, पण ओघळत नाही.
पुढचं तू सांग."

मी खाल्लं.
"मीठ चिमूटभर जास्त झालंय," मी म्हणाले.
आणि तोंडातून गेलंच:
"तुझ्या मात्र फार गोड व्हायच्या. दर वर्षी."

"सदतीस वर्षं?"
"सदतीस."
"मग बोलली का नाहीस कधी?"
"तू झाकणाला हात लावू दिलास का कुणाला?"

तो हसला, खोकला, परत हसला.
गोधडीवर रस्सा सांडला.
मग म्हणाला, उरलेल्या सहा रॅकना मीठ कमी लाव,
नऊ वाजता टमीराची गाडी येईल लिटल रॉकहून,
मुलं भुकेली असतील.
आणि दुसरी बरगडी उचलली,
चव नसलेली,
हाड पांढरं होईपर्यंत.